वाचवलेल्या फीचा हिशेब

घराचे नूतनीकरण म्हणजे राहत्या किंवा विकत घेतलेल्या जुन्या घरातील फरशी, नळ, वायरिंग, ओटा, न्हाणीघर, लाकूडकाम आणि क्वचित भिंती यांत केलेला बदल. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात हे काम बहुधा सत्तर ते नव्वदच्या दशकांत उभ्या राहिलेल्या सहकारी सोसायट्यांतल्या लहान फ्लॅटांत होते. या कामात इंटिरियर डिझायनरला जागा किती, याबद्दल मराठी मध्यमवर्गाचे मत इतके पक्के आहे की त्यावर कोणी वाददेखील घालत नाही. ते मत असे: डिझायनर म्हणजे श्रीमंतांचे चोचले. दोन खोल्यांच्या घरात तो करणार काय? पडदे कुठल्या रंगाचे हे सांगायला लाखभर रुपये मोजायचे? ओळखीचा एक चांगला सुतार आहे, त्याने आत्याचे घर केले, मेहुण्याचेही केले. फोनमध्ये हजारभर फोटो साठवलेले आहेत. नवराबायको दोघेही शिकलेले आहेत. मग अडते कुठे? फीचे पैसे वाचतात आणि घर ‘आपल्या मनासारखे’ होते.

या मतातले एकेक वाक्य तपासायला घेतले की त्यातले एकही धड उभे राहत नाही.

त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे. डिझायनरचे काम फरशी बसल्यावर, भिंती रंगवायला झाल्यावर सुरू होते आणि रंग, पडदे, झुंबर एवढ्यावर आटोपते, असे ते गृहीतक. प्रत्यक्षात पडद्यांची पाळी येते तेव्हा त्याचे बहुतेक काम उरकलेले असते. त्याची सुरुवात मोजपट्टीने होते. प्रत्येक भिंतीची लांबी, बीम छतापासून किती खाली उतरला आहे, खिडकीची कड जमिनीपासून किती उंच आहे, सांडपाण्याचा पाइप कुठून जातो, नहाणी ट्रॅप कुठे आहे, मीटरपासून घरात येणारी वायर किती जाडीची आहे, हे सगळे कागदावर उतरते. मग प्रश्न येतात. घरात कोण कोण राहते, स्वयंपाक कोण करते आणि तिची उंची किती, आजीला खाली वाकता येते का, वर्षाचे धान्य भरतात का, गणपती कुठे बसतो, मे महिन्यात नागपूरचे पाहुणे आले की कुठे झोपतात. या उत्तरांतून आराखडा तयार होतो. आराखड्यातून विजेचे, नळांचे, छताचे आणि प्रत्येक कपाटाचे मापांसह वेगवेगळे नकाशे निघतात, आणि शेवटी कोणते सामान, कोणत्या प्रतीचे, किती आणि कोणत्या दराने याची यादी. धंद्यात तिला बीओक्यू म्हणतात. रंगाची निवड या सगळ्यानंतर येते, आणि खरे तर ती घरमालकाने एकट्याने केली तरी घर काही कोसळत नाही.

आता ‘दोन खोल्यांचे घर’ हा मुद्दा. मोठ्या घरात चूक खपून जाते. तीन हजार चौरस फुटांच्या बंगल्यात कपाट सहा इंच पुढे आले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत मात्र सहा इंच म्हणजे दार उघडणे आणि न उघडणे यांतला फरक. हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल असे आहे. सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब पलंग डोक्याच्या बाजूने भिंतीला लावला आणि पायाकडच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट केले, तर मध्ये दीड फूट उरते. कपाटाचा पल्ला असतो दीड फुटाचा. म्हणजे पल्ला उघडायचा असेल तर माणसाने पलंगावर चढून उभे राहायचे. कपाट पलंगाच्या बाजूच्या भिंतीला नेले आणि पलंगाची दुसरी कड समोरच्या भिंतीला भिडवली तर वाट दोन फुटांची होते. पल्ले सरकते केले तर वाट थोडी कमी होते, पण पल्ला उघडायला जागा लागत नाही. पलंग सहाऐवजी पाच फुटांचा घेतला तर माणूस सुखाने वावरू शकतो. हे पाच मिनिटांत कागदावर दिसते. कागद नसला की पलंग, गादी आणि कपाट तिन्ही घरात आल्यावर दिसते, आणि तोवर तिन्हींचे पैसे देऊन झालेले असतात.

लहान घरासाठी डिझायन हा चोचला आहे, असे मानणाऱ्यांना फ्रँकफर्टची आठवण करून द्यायला हवी. पहिल्या महायुद्धानंतर त्या जर्मन शहरात घरांची भीषण टंचाई होती. वास्तुरचनाकार अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली कामगार आणि मध्यमवर्गीयांसाठी स्वस्त घरांच्या वसाहती बांधल्या जात होत्या. त्या घरांसाठी मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ मध्ये एक स्वयंपाकघर आखले. आकार साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फूट. डोंबिवलीतल्या किंवा कोथरूडमधल्या कितीतरी स्वयंपाकघरांचा आकार याच्या आसपास असतो. स्वयंपाक करताना बाई किती पावले टाकते, कितीदा वळते, याचा तिने अभ्यास केला. आगगाडीच्या भोजनयानातले चिंचोळे स्वयंपाकघर तिने नजरेसमोर ठेवले. पीठ, तांदूळ यांसाठी तोटी असलेले ॲल्युमिनियमचे खण, बसून काम करता येईल असे फिरते स्टूल, शेजारच्या खोलीतले मूल दिसत राहावे म्हणून सरकते दार, असा एकेक इंच तिने कामाला लावला. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या वसाहतींत बसली. म्हणजे आधुनिक स्वयंपाकघराचा पाया श्रीमंताच्या वाड्यात घातला गेला नाही. तो भाड्याच्या दोन-तीन खोल्यांत घातला गेला, कारण अडचण तिथेच होती. आणि या बाईंनी हे काम हाती घेईपर्यंत स्वतः कधी घर चालवले नव्हते की रांधले नव्हते. ‘आमच्या स्वयंपाकातले त्या डिझायनर पोरीला काय कळणार?’ असे विचारणाऱ्या प्रत्येक सासूबाईने ही गोष्ट लक्षात ठेवावी. कळण्यासाठी पोळ्या लाटता याव्या लागत नाहीत. पोळ्या लाटणारीला नीट प्रश्न विचारावे लागतात आणि तिचे कोपर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे लागते. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला की पाठ दुखत नाही. असे असताना पाच फूट बाईच्या आणि पावणेसहा फूट बाईच्या घरात ओटा एकाच उंचीचा बांधला जातो, कारण मिस्त्री ‘नेहमीचा’ बांधतो.

मग येतो पैशाचा मुद्दा, आणि विरोधी पक्षाला सर्वात जास्त खात्री याचीच असते. डिझायनरची फी तीन पद्धतींनी ठरते: एकूण खर्चाची टक्केवारी, चौरस फुटाचा दर किंवा ठोक रक्कम. समजा काम दहा लाखांचे आहे आणि फी दहा टक्के. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक लाख अठरा हजार. ही रक्कम वाचली असे घरमालक सांगतो तेव्हा तो ती कशातून वाचली हे सांगतो, कुठे गेली हे सांगत नाही.

प्लायवुडचे उदाहरण पुरेसे आहे. बाजारात मिळणारी प्लायची शीट आठ फूट बाय चार फूट, म्हणजे बत्तीस चौरस फुटांची असते. कपाटाच्या बाजूच्या फळीची खोली दोन फुटांच्या जरा आत ठेवली तर चार फूट रुंदीच्या शीटमधून दोन पट्टे निघतात. तीच खोली हौसेने सव्वीस इंच केली तर एकच पट्टा निघतो आणि बावीस इंचांची उरलेली पट्टी कपाटाच्या कामाची राहत नाही. तिचा कुठे मांडणीचा फळा होतो, बाकी तुकडे जिन्याखाली जातात. शीटचे पैसे मात्र पूर्ण बत्तीस चौरस फुटांचे भरावे लागतात. शीट कशी कापायची याचा कागद आधी केला असता तर हे दोन इंच तिथेच पकडले गेले असते. पुढे प्रतीचा प्रश्न. साध्या वापराच्या प्लायला आयएस ३०३ हे भारतीय मानक लागू होते आणि त्यातही ओल सोसणारा एमआर व उकळते पाणी सोसणारा बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे आहेत. मरीन प्लायला लागू होते ते आयएस ७१० वेगळे. सिंकखालचे कपाट कोणत्या प्लायचे हवे, हे लिहून दिलेले नसेल तर दुकानदाराने ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जे दिले ते वॉटरप्रूफ. दोन पावसाळ्यांनंतर त्याचे थर सुटू लागले की भांडायला हातात काय असते? बिलावर नुसते ‘प्लाय १९ एमएम’ असे लिहिलेले असते, आणि ते खोटेही नसते.

याहून मोठा खर्च फेरकामाचा. न्हाणीघराची फरशी बसवून झाल्यावर गिझरची जागा बदलायचे ठरते. ओट्यावर ग्रॅनाइट चढल्यावर लक्षात येते की मिक्सर, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह यांना मिळून एकच प्लग आहे. फॉल्स सीलिंग झाल्यावर एसीवाला येतो आणि सांगतो की पाणी वाहून जायला पाइपला उतार द्यायला जागाच राहिलेली नाही. यांतली प्रत्येक चूक दुरुस्त होते. फक्त प्रत्येकीसाठी आधी केलेले काम फोडावे लागते. फोडायचे पैसे, मलबा खाली नेण्याचे पैसे, नवे करण्याचे पैसे. हे पैसे एकरकमी जात नाहीत, रोज दोन-पाच हजारांनी जातात, म्हणून कोणी त्यांची बेरीज करत नाही. फी एका चेकने जाते, म्हणून ती डोळ्यांवर येते.

आता सुतार. या मताचा हुकमी एक्का तोच. ‘आमच्या सुताराला सगळे कळते’, हे वाक्य कौतुकाचे वाटते, पण त्याच्याइतका सुतारावर अन्याय करणारे वाक्य दुसरे नाही. चांगल्या सुताराला लाकूड कळते, सांधा कळतो, बिजागरी किती आत बसवायची ते कळते, ओले लाकूड हाताला लागताच कळते. ही विद्या वर्षानुवर्षांच्या हाताची आहे आणि ती बहुतेक डिझायनरांकडे नसते. पण गिझरची वायर किती जाडीची हवी, हे सुताराने का सांगावे? दिव्यांच्या सर्किटला दीड चौरस मिलिमीटरची, प्लगांना अडीचची आणि एसी-गिझरला चारची तांब्याची वायर साधारणपणे वापरतात; हे वायरमनला माहीत असते, पण एसी कोणत्या भिंतीवर येणार हे वायरमनला माहीत नसते. ते सुताराला माहीत असते, कारण कपाट कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. फरशीवाल्याला दोघांपैकी कोणीच काही सांगितलेले नसते. तोडफोड, नळ आणि वायरींसाठी भिंतीत खाचा, न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, फरशी, सीलिंग, लाकूडकाम, रंग: या साखळीतला प्रत्येक माणूस आपापल्या कामात तरबेज असू शकतो आणि तरीही घर बिघडू शकते, कारण बिघाड दोन कामांच्या मधल्या जागेत होतो. ती मधली जागा कोणाची?

डिझायनर नसलेल्या घरात या प्रश्नाचे उत्तर सुतारकाम सुरू झाल्यावर दुपारी साडेबाराला फोनवर मिळते. ‘भाभी, ड्रॉवर कितने रखने हैं? नीचे दो कि तीन?’ भाभी त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतात. ‘तीन ठेवा.’ झाले. पुढची वीस वर्षे रोज वापरायच्या गोष्टीचा निर्णय तीन सेकंदांत झाला. कुकर तिसऱ्या ड्रॉवरमध्ये मावत नाही हे कळते, तेव्हा दोष कोणाला? सुताराला. ‘सगळे कळणारा’ सुतार एका रात्रीत ‘डोके न वापरणारा’ होतो. मापाचा नकाशा न देता काम सांगायचे, कामाच्या मध्येच तीनदा मन बदलायचे, आणि शेवटी पैसे कापताना ‘तुला कळायला हवे होते’ म्हणायचे, हा व्यवहार मराठी घरांत इतका रुळलेला आहे की त्यात काही वावगे आहे असेही कोणाला वाटत नाही. नकाशा सुताराला कमीपणा आणत नाही. कामाचा मोबदला मागताना दाखवायला त्याच्याजवळ असलेला तो एकमेव पुरावा असतो.

फोटोंबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. मोबाइलवरच्या फोटोत माप नसते, बीम नसतो, गॅसचे सिलिंडर नसते आणि कोणी मोहरीची फोडणीही केलेली नसते. पांढऱ्या मॅट पल्ल्यांवर हळदीचे डाग महिनाभरात बसतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत सिंकजवळचा पार्टिकल बोर्ड फुगतो. फोटो काढला त्या देशात चार महिने पाऊस पडत नाही, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

भिंतींचा विषय मात्र हसण्यावारी नेण्याचा नाही. हॉल मोठा दिसावा म्हणून स्वयंपाकघराची भिंत काढायची, हा सध्याचा सर्वात लोकप्रिय बदल. ‘ही पार्टिशनची भिंत आहे, काढायला हरकत नाही’, असे मिस्त्री ती थापटून सांगतो. साडेचार इंची भिंत बहुधा पार्टिशनची असते हे खरे. पण जुन्या इमारतींत काही ठिकाणी सगळा भार भिंतींवरच पेललेला असतो, खांब-बीमचा सांगाडा नसतोच. थापटून ते कळत नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर इथे चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे मेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असा आरोप पोलिसांनी ठेवला. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सोसायट्या ती करून घेतात, वर्गणी काढून पैसेही भरतात, आणि त्याच इमारतीतला सभासद लेखी परवानगीवाचून घण घेऊन भिंतीसमोर उभा राहतो. यावर एक आक्षेप हमखास येतो की डिझायनर तरी कुठे स्ट्रक्चरल इंजिनिअर असतो? नसतो. म्हणूनच आपले काम जाणणारा डिझायनर इथे थांबतो, इंजिनिअरला बोलावतो, त्याचे पत्र मागतो, सोसायटीला अर्ज देतो आणि मगच पुढे जातो. थांबवणारा कोणी असणे हाच मुद्दा आहे. मिस्त्री थांबवणार नाही, त्याचे पोट भिंत पाडण्यावर आहे. मालक थांबणार नाही, त्याच्या फोनमध्ये उघड्या स्वयंपाकघराचा फोटो आहे.

न्हाणीघरातही तेच. जुनी फरशी काढली की खालचा ब्रिकबॅट कोबा आणि त्याखालचे वॉटरप्रूफिंग बहुधा नव्याने करावे लागते. मग ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचे आणि किमान चोवीस, शक्यतो अठ्ठेचाळीस तास खालच्या घरात ओल येते का ते पाहायचे. हे दोन दिवस कोणालाच नको असतात. फरशीवाला दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या साइटवर जायला निघालेला असतो. आठ महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला डाग दिसतो, आणि तिथून पुढे सोसायटीच्या सभेतले सगळे विषय त्याच डागाभोवती फिरतात.

विरोधकांकडचा सर्वात वजनदार मुद्दा कमिशनचा. डिझायनर फरशीच्या, हार्डवेअरच्या, दिव्यांच्या दुकानांतून कमिशन खातो, म्हणून महागड्या वस्तू गळ्यात मारतो, असे म्हणतात. काही डिझायनर असे करतात यात शंका नाही. मग प्रश्न असा की सुतार घेत नाही का? प्लंबर आणि वायरमन घेत नाहीत का? ‘मी त्या दुकानातून आणून देतो, ओळखीचा आहे’ या वाक्यात ओळख कसली असते? नूतनीकरणाच्या बाजारात कमिशन सगळीकडे आहे; फक्त सुताराचे कमिशन मालकाला कधी दिसत नाही आणि डिझायनरबद्दल मात्र तो आधीच संशय घेऊन बसलेला असतो. त्यावर उपायही साधा आहे. करारात लिहून घ्यायचे की दुकानांकडून मिळणारी कोणतीही सूट मालकाच्या बिलात येईल आणि डिझायनरचे उत्पन्न फक्त फी असेल. डिझायनरला हे कलम मान्य नसेल तर त्याचा हेतू पहिल्याच दिवशी कळतो. सुताराकडून असे कलम कोणी लिहून घेतल्याचे ऐकिवात नाही, कारण सुताराशी करारच होत नाही. आणि करार नसला की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करायला जाणाऱ्याच्या हातात एक वही असते, ज्यात ‘ॲडव्हान्स ५००००’ असे पेन्सिलने लिहिलेले असते.

याच मुद्द्याची दुसरी बाजू कोणी मांडत नाही, ती मांडायला हवी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. ‘इंटिरियर डिझायनर’ या नावाला असे कोणतेही कायदेशीर कुंपण नाही. तीन महिन्यांचा वर्ग करून पाटी लावता येते. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही व्यावसायिकांची संस्था १९७२ पासून आहे, पण तिचे सभासदत्व ऐच्छिक आहे. म्हणजे निवडीची जबाबदारी पूर्णपणे मालकावर येते. पण यातून निष्कर्ष काय निघतो? डिझायनर घेऊ नये हा की बघून घ्यावा हा? भोंदू वैद्य असतात म्हणून कोणी नाडीपरीक्षा शेजाऱ्याकडून करवून घेत नाही. डिझायनरने केलेले घर तीन-चार वर्षांनी जाऊन पाहावे, फोटोत नव्हे, प्रत्यक्ष. ड्रॉवर ओढून पाहावा, न्हाणीघरात पाणी ओतून ते ट्रॅपकडे जाते का ते पाहावे, आणि तिथल्या बाईंना विचारावे. एवढा खटाटोप मुलीचे स्थळ पाहताना करणारा समाज घराच्या वेळी मात्र आत्याच्या शिफारशीवर थांबतो.

मॉड्युलर किचनच्या दुकानांत मिळणाऱ्या ‘फुकट डिझायन’ने या मताला आणखी बळ आले आहे. तिथल्या संगणकासमोर बसलेला माणूस आपल्या दुकानातल्या पेट्या मालकाच्या भिंतीवर मांडून दाखवतो. पेट्या खपवणे हे त्याचे काम आहे आणि तो ते चोख करतो. त्याच्या पगाराचे पैसे पेट्यांच्या किमतीत आहेत. डिझायन तिथे फुकट नाही, फक्त बिलात वेगळे दिसत नाही.

‘डिझायनर स्वतःची आवड लादतो’ ही तक्रार राहते. घरांची हॉटेलांची लॉबी करून टाकणारे डिझायनर आहेत, आणि देवघर कपाटाच्या खणात कोंबणारेही आहेत. पण या तक्रारीच्या तपशिलात गेले की बहुतेक वेळा एक वाक्य सापडते, जे मालकानेच पहिल्या भेटीत उच्चारलेले असते: ‘तुम्हीच ठरवा, आम्हाला यातले काही कळत नाही.’ ज्याला स्वतःच्या घरात कोण कुठे बसून चहा पितो हे सांगायचा कंटाळा येतो, त्याच्या घरात दुसऱ्याची आवड शिरणारच. आणि याच्या उलट टोकाचा मालकही तितकाच परिचयाचा आहे. तो म्हणतो, ‘तुम्ही फक्त एक स्केच काढून द्या, बाकी आम्ही बघतो.’ हे स्केच त्याला फुकट हवे असते. पहिल्या भेटीत, चहाबरोबर. तेच स्केच दुसऱ्या दिवशी सुताराच्या हातात असते. वकिलाने पाच मिनिटे बोलून सल्ला दिला की त्याचे पैसे देताना ज्याला काही वाटत नाही, त्याला कागदावरची एक रेघ फुकटची वाटते. त्या रेघेमागे नळ कुठे आहे याचा विचार असतो, पण स्केचवर तो विचार लिहिलेला नसतो. सुतार रेघ वाचतो, विचार वाचू शकत नाही. मग कपाट नळाच्या वाल्व्हसमोर येते आणि ‘बघा, डिझायनरच्या डिझायनमध्येच चूक होती’ असा दाखला पुढच्या दहा वर्षांच्या गप्पांना मिळतो.

या सर्व मतांना एकत्र बांधणारी सवय म्हणजे डिझायनरला उशिरा बोलावणे. भिंत पडलेली आहे, वायरी भिंतीत गेलेल्या आहेत, फरशी बसली आहे, ग्रॅनाइट कापून आला आहे, सुताराने तीस शीट उचलल्या आहेत, आणि मग कोणाला तरी सुचते की ‘जरा कोणाला तरी दाखवू या’. तेव्हा आलेल्या डिझायनरने सांगण्यासारखे उरलेले असते ते फक्त पडद्यांबद्दल. तो पडदे सांगतो, फी घेतो, आणि घरमालक म्हणतो, ‘बघा, पडदे सांगायचेच एवढे पैसे घेतले!’ डिझायनर फक्त पडदे निवडतो या मताचा पुरावा अशा रीतीने ते मत बाळगणाराच स्वतः तयार करतो.

सुताराला ॲडव्हान्स देण्याआधी मापांचा नकाशा आणि बीओक्यू हातात नसेल, तर ॲडव्हान्स देऊ नये.